एका हाताने सुटणारा गुंता

थांबा! कोपऱ्यातली फुली शोधू नका. मी जाहिरात नाही. मी गेम बोलतोय. गुंता माझं नाव. फोनच्या पडद्यावर रंगीबेरंगी धाग्यांचा एक गोळा दिसतो ना, तोच मी. एक टोक बोटाने धरायचं आणि ओढायचं. योग्य धागा ओढलात तर सुळकन सुटून येतो, भलताच ओढलात तर गोळा आणखी आवळतो. बस्स, इतकंच. माझ्याकडे तलवार नाही, राक्षस नाही, शर्यतीतली गाडी नाही. पण माझी हकिकत ऐकलीत तर म्हणाल, एवढ्याशा जिवाने काय काय पाहिलं!

माझा जन्म नणंद-भावजयीच्या भांडणातून झाला.

नणंदेला घरात सगळे धाकटी म्हणतात. मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. खेळणारा माणूस नेमका कधी हरला म्हणजे चिडून पुन्हा खेळेल, हे ती ठरवायची. अगदी जिंकता जिंकता हरला पाहिजे! या कामात तिचा हातखंडा होता आणि हल्ली त्याच कामाचा तिला वीटही आला होता. भावजय, म्हणजे वहिनी, इस्पितळात नर्स. डायलिसिसच्या विभागात. ज्यांची मूत्रपिंडं काम करेनाशी होतात त्यांचं रक्त तिथे यंत्रातून साफ करून परत अंगात सोडतात. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. एका हातात सुया टोचलेल्या, तो हात हलवायचा नाही. दुसरा हात मोकळा. आणि मोकळ्या हातात काय असणार? फोन!

एका संध्याकाळी वहिनी ड्यूटीवरून आली ती तणतणतच. खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधीच तिने नणंदेला धारेवर धरलं.

"तुमच्या त्या फळं फोडायच्या गेमने आज आमच्या काकांचं ब्लडप्रेशर वाढवलं!"

"मी काय केलं गं?"

"त्यांचे पाच जीव संपले म्हणे. आता अर्धा तास थांबा! अगं, तो माणूस यंत्राला बांधलेला, उद्याचं काय हे त्याला ठाऊक नाही, आणि तुम्ही त्याला सांगता, तुझे जीव संपले?"

धाकटी हसायला गेली आणि हसू तोंडातच राहिलं.

"एवढे गेम केलेस," वहिनी म्हणाली, "एक माणसांसाठी कर की. एका हाताने खेळता येईल असा. मध्येच डोळा लागला तर जिथल्या तिथे थांबेल असा. आणि आवाज अजिबात नको. शेजारच्या खुर्चीत कुणीतरी झोपलेलं असतं."

दादा, म्हणजे वहिनीचा नवरा आणि धाकटीचा भाऊ, दोघींच्या मधे सोफ्यावर बसला होता. त्याने शहाण्या माणसासारखा टीव्हीचा आवाज वाढवला.

बोलणी खाता खाता धाकटी टेबलाच्या खणातला वायरींचा गुंता सोडवत बसली होती. जुने चार्जर, तुटके इयरफोन, एक कुठलीशी काळी वायर जी कशाची आहे हे घरात कुणालाच माहीत नाही. शेवटची वायर मोकळी झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोलीत शांतता आहे. वहिनी बोलायची थांबून तिच्या बोटांकडे बघत होती. दादानेही टीव्ही बंद करून तिकडेच नजर लावली होती.

"हेच!" धाकटी ओरडली. "वहिनी, हेच!"

झालं. मी जन्माला आलो. आता जन्मल्या जन्मल्या कुणी देखणं नसतं, मीही नव्हतो. धाकटीने पहिल्यांदा मला दादाच्या हातात दिलं तेव्हा माझे धागे लिबलिबीत, गुलाबी आणि वळवळणारे होते. दादाने बराच वेळ निरखून पाहिलं. "हा गेम आहे की गांडूळखताचा प्रकल्प?" त्याने विचारलं. धाकटीने फोन हिसकावून घेतला, पण रंग बदलले.

माझ्यावर तिने कशी मेहनत घेतली ते सांगू? धागा सुटायच्या आधी क्षणभर ताणतो, मग सैल पडतो आणि मग येतो. त्या एका क्षणासाठी ती आठवडेच्या आठवडे खपली. खऱ्या दोऱ्या ओढून बघायची. बुटांच्या नाड्या, लोकर, पिशवीचे बंद. घरात एकही नाडी जागेवर राहिली नाही. दादा म्हणायचा, "हिच्या गेमपायी मी एक दिवस रस्त्यात पडणार."

आवाजावरून मात्र दोघींची खडाजंगी झाली. वहिनी म्हणाली, आवाज नको म्हणजे नको. धाकटी म्हणाली, धागा सुटलेला हाताला कळलाच पाहिजे. शेवटी आवाज गेला आणि त्याच्या जागी एक बारीकशी थरथर आली, तळहातात मांजराने अंग हलवावं तशी. वहिनीला तीही नको होती. "उगाच फाजील लाड," ती म्हणाली.

पण पहिल्या दिवशीच तिला आपला शब्द मागे घ्यावा लागला.

तो दिवस! अजून आठवला की माझे सगळे धागे ताठ होतात. लांबच लांब हॉल, खिडक्यांना निळे पडदे, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी गुणगुणणारं यंत्र. वहिनीने मला दोघांच्या फोनवर घातलं. एक होते कंडक्टर काका. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडलेली, त्यामुळे साधं बोलले तरी मागच्या सीटपर्यंत ऐकू जायचं. ब्लडप्रेशर वाढलेलं ते यांचंच. दुसऱ्या बाई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, कडक इस्त्रीच्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर मंद झाली होती. कुठला धागा सुटला ते त्यांना नीट दिसायचं नाही. पण माझी थरथर लागली आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"सिस्टर, हे कळतंय मला," त्या म्हणाल्या. "हे हाताला कळतंय!"

वहिनी घरी जाऊन नणंदेला म्हणाली, "बरं, तुझं खरं." या घरात हे वाक्य सणासुदीलासुद्धा ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्याआधी हॉलमध्ये काका पहिल्याच गुंत्याला भिडले होते. एक धागा ओढला, आवळला. दुसरा ओढला, आणखी आवळला. मग त्यांनी मान तिरकी केली, खालून एक पिवळं टोक हेरलं, आणि...

"सुटला!"

अख्खा हॉल दचकला. पलीकडच्या खुर्चीतले गृहस्थ झोपेतून उठून म्हणाले, "कोण सुटला? डिस्चार्ज कुणाला?"

त्या दिवसापासून काका आणि बाईंची चढाओढ लागली. समोरासमोरच्या खुर्च्या, तोच गुंता, आधी कोण सोडवतंय बघू. काका गडबडीने ओढायचे, बाई आधी विचार करायच्या. एकदा काकांचे चार तास संपले, यंत्राने टुणटुण केलं, वहिनी सुया काढायला आली, तर काका म्हणाले, "थांबा हो सिस्टर, एकच राहिलाय." वहिनी जागच्या जागी उभी राहिली. इतक्या वर्षांत या हॉलमध्ये कुणी थांबा म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं.

मग मी पसरलो. पेशंटांना न्यायला येणाऱ्यांनी मला नेलं, त्यांच्याकडून शेजाऱ्यांनी. लिफ्टमध्ये, बसथांब्यावर, केस कापून घेताना, मीटिंगमध्ये टेबलाखाली माणसं मला काढायची. सभ्य गेमने सांगू नये अशा खोलीतही मी जाऊन आलोय, आणि तिथे लोक बराच वेळ बसतात. माणसांची एक खोड मला तेव्हाच कळली. रिकामी पाच मिनिटं मिळावीत म्हणून दिवसभर धडपडतात आणि मिळाली की त्यांना ती सोसत नाहीत.

माझी कीर्ती धाकटीच्या कंपनीत पोचली. तिथल्या साहेबांच्या बायकोच्या फोनवरच मी होतो! साहेबांनी धाकटीला बोलावलं. "घरी बसून केलास? झकास! आम्हाला दे. कोट्यवधी फोनवर नेऊ. आधी काही महिने चालवून बघू, मग कायमचा करार." धाकटीने एकच अट घातली, खेळाला धक्का लागता कामा नये. साहेब म्हणाले, "छे गं, खेळ तोच. वरून थोडी सजावट."

कोट्यवधी फोन! मला तर आभाळ ठेंगणं झालं. सजावट म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

सजावट आली. धागा सुटला की नाण्यांचा पाऊस. चुकला की जीव गेला, पाच गेले की थांबा. मला बंद करायला गेलात तर एक मांजरीचं पिल्लू रडायचं, "मला सोडून चाललात?" दुपारी कुणी डुलकी काढली तर मी फोनवर टिंग करून म्हणायचो, "तुमचा गुंता वाट बघतोय!" आणि दर दोन गुंत्यांनी एक जाहिरात, कधीकधी ऐन खेळातही. तिची फुली वरच्या डाव्या कोपऱ्यात, तीही मुंगीच्या डोक्याएवढी.

पण साहेब सावध माणूस. त्यांनी माझे दोन भाग केले. निम्म्या फोनवर पहिला मी, निम्म्यांवर सजलेला. कोण जास्त चालतो ते बघायचं, अशी त्या धंद्यातली रीत आहे. म्हणजे एकाच वेळी मी दोन देहांत होतो. एकात शांत बसलेला, दुसऱ्यात घसा फोडून ओरडणारा. आणि योगायोग असा की त्या हॉलमध्ये पहिला मी बाईंच्या वाट्याला आलो आणि सजलेला काकांच्या.

"बाई, तुमचं मांजर रडत नाही?" काकांनी विचारलं.

"कुठलं मांजर?"

"मग मलाच का मेलं चिकटलंय!"

सगळे हसले. काकाही हसले. पण ते हल्ली दात आवळून खेळायचे हे बाईंना न बघताही कळत होतं.

एका दुपारी काका एका अवघड गुंत्याच्या अगदी शेवटाला आले होते. एकच धागा राहिला होता. आणि मी, सजलेला मी, त्यांच्या तोंडावर जाहिरात आपटली. डाव्या हातात सुया, उजव्या हातात फोन. उजव्या अंगठ्याने ते फुलीकडे पोचायला बघू लागले. अंगठा ताणला, आणखी ताणला. फोन हातातून निसटला. आणि माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. पडणारी वस्तू झेलायला डावा हात उचलला.

यंत्र किंचाळलं. पट्टीखाली लाल डाग पसरू लागला. वहिनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. ती कशी आली, धावत की उडत, मला सांगता येणार नाही, कारण मी जमिनीवर पालथा पडलो होतो आणि मूर्खासारखा एका साबणाचं गाणं म्हणत होतो. वरून तिचा आवाज ऐकू येत होता. "काका, माझ्याकडे बघा. हात सैल. काही नाही झालेलं. माझ्याकडे बघा."

सुई थोडी सरकली होती, निघाली नव्हती. रक्त थांबलं, हात पुन्हा नीट बांधला, यंत्र पुन्हा गुणगुणायला लागलं. काका पांढरेफटक पडले होते. कुणीतरी मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मला पालथं घातलं आणि छताकडे बघत राहिले. बाईंनीही मला बंद केलं. पहिल्यांदाच.

त्या संध्याकाळी वहिनी तणतणली नाही. तेच भयंकर होतं. हात धुतले, खुर्चीत बसली.

"आज तुझ्या गेमने माझ्या पेशंटचा हात हलवला," ती म्हणाली.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. ‘मी तशी अट घातली होती’, ‘साहेबच असे’, असलं काहीएक म्हणाली नाही. फक्त इतकंच विचारलं, "काका कसे आहेत?"

"बरे आहेत. फोन घरी ठेवून येतो म्हणाले पुढच्या वेळी."

दुसऱ्या दिवशी धाकटी साहेबांच्या खोलीत गेली. मी तिच्या हातातच होतो, म्हणून शब्दन् शब्द सांगू शकतो. साहेब खुशीत होते. सजलेल्या माझी कमाई पहिल्या माझ्यापेक्षा बरीच जास्त होती, त्यांनी आलेखच दाखवला.

"आकडे खोटे नाहीत," साहेब म्हणाले.

"नाहीत," धाकटी म्हणाली. "साहेब, एक कराल? डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवा. त्यात सुया आहेत असं समजा. हलवायचा नाही. आता हा खेळा."

साहेब हसले, पण खेळायला बसले. माणूस रसिक होता. पहिला गुंता झटक्यात सोडवला, दुसरा सोडवला, आणि जाहिरात आली. उजवा अंगठा वर गेला, पोचेना. साहेबांचा डावा हात आपसूक उचलला गेला.

"हललात," धाकटी म्हणाली.

साहेबांनी हात खाली ठेवला. पुन्हा खेळले. पुन्हा हलले. तिसऱ्यांदा त्यांनी नाकाने फुली दाबायचा प्रयत्न केला. तेवढ्यात चहा घेऊन आलेला माणूस दारातच थबकला.

"कळलं मला," साहेब जरा ओशाळून म्हणाले. "वाईट झालं. फुली खाली घेऊ. पण असे पेशंट कितीसे असतात गं? बाकीचे कोट्यवधी लोक दोन्ही हातांनी धडधाकट आहेत."

"कोण खेळतं हो दोन हातांनी?" धाकटीचा आवाज चढला. "कडेवर मूल घेतलेली आई? बसच्या दांडीला धरून उभा असलेला माणूस? एका हाताने भांडं ढवळणारा? ज्याचा दुसरा हात मोकळा नाही, त्याच्याचसाठी आपला खेळ असतो साहेब! तो माणूस आपल्याला त्याची पाच मिनिटं देतो. आपण त्याच्याकडून पन्नास उपटतो आणि वर मांजर रडवतो."

साहेबांनी आलेख बाजूला सारला. मग म्हणाले ते खरंच म्हणाले, मला त्यांचा राग येत नाही. "तुझं म्हणणं मला पटतंय. पण हे ऑफिस पटण्यावर चालत नाही. एवढी माणसं आहेत इथे. मला सजलेलाच लागेल."

"मग करार नको," धाकटी म्हणाली. "माझा गुंता मला परत द्या."

हाय रे! तिच्या मुठीत माझी थरथर मलाच जाणवत होती. कोट्यवधी फोन एका वाक्यात गेले. साहेबांनी शब्द पाळला, मला सोडलं. पुढे त्यांनी माझ्यासारखाच एक नवा गेम काढला, त्यात दोऱ्यांऐवजी साखळ्या आहेत. चुलतभाऊ म्हणा माझा. चांगला कमावतो, ऐकतो मी. घसा मात्र बसलेला असतो त्याचा.

धाकटीने ती नोकरीही सोडली. आता अर्धा दिवस शाळांसाठी सॉफ्टवेअर लिहिते, उरलेला अर्धा दिवस माझा. सुरुवातीचे गुंते फुकट. आवडलो तर एकदा किंमत मोजायची, मग जन्मभर मी पुन्हा हात पसरणार नाही. सगळ्यांनी तिला सांगितलं, बुडशील. दादानेसुद्धा. आणि बघा! मी बुडालो नाही. ज्यांना घाई नाही, ज्यांना दोन क्षण डोकं निवांत हवंय, अशी माणसं मला शोधत येतात, आपल्या माणसांना देतात. गर्दी नाही, पण येतात ती राहतात. तान्ह्या मुलीला खांद्यावर घेऊन रोज मला खेळणाऱ्या एका बापाने धाकटीला कळवलं, "मुलगी झोपते, तरी मी उठत नाही." यापेक्षा मोठं बक्षीस कुठल्या गेमला मिळालंय, सांगा!

काकांना परत आणायला मात्र वेळ लागला. ते खरंच फोन घरी ठेवून यायचे आणि छत मोजत बसायचे. शेवटी बाईंनी समोरून आवाज दिला, "अहो, मी नवा गुंता केलाय. माझा स्वतःचा. सगळ्या जगाला सुटेना झालाय. तुम्हाला तर काय सुटणार!" खेळणाऱ्यांना स्वतःचे गुंते विणता यावेत अशी सोय धाकटीने नुकतीच माझ्यात केली होती. बाईंचे गुंते म्हणजे गणिताचे पेपर, भल्याभल्यांना घाम फुटतो. पुढच्या वेळी काकांच्या खिशात फोन होता.

आणि मग ती आली. कॉलेजातली मुलगी, हॉलमध्ये पहिलाच दिवस. सुई बघूनच तिचे ओठ कापायला लागले होते. वहिनीने हात बांधला, पाठीवरून हात फिरवला आणि तिला काकांच्या शेजारची खुर्ची दिली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दणदणीत माणसाने आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "पोरी, गुंता खेळतेस?"

तिने खेळून बघितलं. थोड्या वेळाने नाक ओढत म्हणाली, "काका, हे दोघांना मिळून नाही का खेळता येत?"

"का गं?"

"म्हणजे गुंता एकच. एक धागा तुम्ही धरून ठेवायचा, तेवढ्यात दुसरा मी ओढायचा. काही गाठी अशाच सुटतात ना? एकट्याने नाही सुटत."

बाई समोरून म्हणाल्या, "अरे, हिला कुणी पाठवलं इथे? हे मला सुचायला हवं होतं!"

वहिनीने ती गोष्ट त्याच दिवशी घरी नेली. यावेळी धाकटी नुसती ओरडली नाही, खुर्चीवर उभी राहिली! कसं करायचं हे तिलाही माहीत नव्हतं. किती वेळा तिने मला उसवलं, पुन्हा विणलं. दोन माणसं दोन फोनवरून एकच गुंता सोडवायला लागली की मी मधल्या मधे फाटायचो. दादा आणि वहिनीला शेजारी बसवून तिने मला तपासलं. तेव्हा ती दोघं इतकी भांडली की मला वाटलं, गुंता राहील आणि संसार सुटेल.

पण जमलं. आणि आज, अगदी आत्ता, पहिल्यांदाच मी त्या हॉलमध्ये दोघांचा म्हणून उघडतोय. नवा गुंता बाईंनी विणलाय, दोघांशिवाय सुटूच नये असा. त्या कान टवकारून बसल्यात. धाकटी रजा काढून आलीय, वहिनीने तिला पांढरा अंगरखा घालून कोपऱ्यात उभं केलंय, हलू नकोस म्हणून बजावलंय. शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. काकांचा डावा हात बांधलेला, मुलीचाही डावा हात बांधलेला. दोघांचे उजवे हात मोकळे.

"तू ओढ, मी धरतो," काका म्हणतायत.

"नाही काका, तुम्ही ओढा. हिरवा मी धरलाय. सोडत नाही."

उद्या फोनवरचे खेळ कुठवर जातील, मला ठाऊक नाही. म्हणतात पडदे डोळ्यांतच येतील, खेळ आपणहून बोलतील, तुमच्या मनातलं तुमच्या आधी ओळखतील. येऊ दे, मला भीती नाही, उत्सुकताच आहे! तुम्हाला एकच सांगणं आहे. जो खेळ तुमच्या हातात येईल त्याच्याकडे जरा मान वाकडी करून बघा. तुमचा वेळ त्याच्याकडे सुखात आहे ना, विचारा. आणि नसेल तर खुशाल काढून टाका, मला काढावं लागलं तरी.

बरं, आता मला जाऊ द्या. या हॉलमध्ये पहिल्यांदाच माझा एकच गुंता दोन अंगठ्यांखाली आहे. काकांनी ओढायला सुरुवात केलीय. ताण येतोय. आणि मुलीने हिरवा खरंच सोडलेला नाही...